किळस, विटाळ आणि साबण : व्हॅलरी कर्टिस यांच्या आरोग्यवर्तनविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

‘कळते पण वळत नाही’ हे वाक्य मराठी घरांत इतक्या वेळा उच्चारले जाते, की त्यात एक संपूर्ण संशोधनक्षेत्र दडलेले आहे याची जाणीव सहसा होत नाही. आरोग्य मानसशास्त्राचा गेल्या सात दशकांचा इतिहास हा बव्हंशी ‘कळणे’ आणि ‘वळणे’ यांमधील अंतर समजून घेण्याचा इतिहास आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील हॉकबाम, रोझेनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांसमोर असा प्रश्न उभा राहिला, की क्षयरोगासाठीची क्ष-किरण तपासणी सहज उपलब्ध असूनही अनेक लोक ती करून का घेत नाहीत. या प्रश्नातून ‘आरोग्यविश्वास प्रारूप’ जन्मास आले. पुढे बांदुरा यांची स्वकार्यक्षमतेची संकल्पना आणि आइझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धान्त यांची भर पडली, आणि हे तीनही विषय आज आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्थिरावले आहेत. या प्रारूपांत परस्परभेद आहेत. तथापि धोका किती, लाभ किती, अडचण किती आणि आपल्याला जमेल की नाही, असा काहीएक हिशेब मनाशी मांडून माणूस वागतो, हे गृहीतक त्या सर्वांच्या मुळाशी आहे.

या गृहीतकाला ज्यांनी प्रत्यक्ष क्षेत्रकार्यातून धक्का दिला, त्यांत व्हॅलरी कर्टिस (१९५८-२०२०) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. रूढ अर्थाने त्या मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. शिक्षणाने त्या मूळच्या अभियंता होत्या आणि आफ्रिकेत पाणीपुरवठा व स्वच्छतेची कामे करीत असताना, नळ आणि शौचालये बांधून दिल्याने लोकांचे वागणे बदलतेच असे नाही, हा अनुभव त्यांना आला. तेथून त्या मानववंशशास्त्राकडे वळल्या आणि पुढे लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत प्राध्यापक झाल्या. रॉबर्ट आँजर यांच्यासह त्यांनी मांडलेली ‘वर्तनकेंद्रित रचना’ ही पद्धती २०१६ साली ‘हेल्थ सायकॉलॉजी रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर आरोग्य मानसशास्त्राच्या चर्चाविश्वात त्यांच्या कार्याची दखल घेणे अपरिहार्य ठरले.

प्रस्तुत लेखाचा हेतू या कार्याचा केवळ परिचय करून देण्याचा नाही. आरोग्यदायी वर्तनाला चालना देणारी शक्ती म्हणून कर्टिस यांनी ‘किळस’ या भावनेला जे मध्यवर्ती स्थान दिले, ते भारतीय समाजात, म्हणजेच जिथे किळसही जातिव्यवस्थेने वाटून दिलेली आहे अशा समाजात, जसेच्या तसे स्वीकारता येईल काय, असा प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे. कर्टिस यांचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच देशात, आंध्र प्रदेशात झालेला असल्याने हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

विचारण्याऐवजी पाहणे

कर्टिस यांचे पहिले मोठे काम पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातील बोबो-द्युलासो शहरात झाले. १९९० च्या दशकातील ‘सानिया’ या कार्यक्रमात जंतू, रोगप्रसार, अतिसार यांविषयीची व्याख्याने जाणीवपूर्वक टाळण्यात आली. त्याऐवजी तेथील माता मुलांचे संगोपन कसे करतात, स्वच्छतेला किंमत का देतात, कोणाचे ऐकतात, याचा आधी अभ्यास झाला आणि मग मोजकेच संदेश घरभेटी, पथनाट्य आणि स्थानिक रेडिओ यांद्वारे पोहोचविले गेले. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाळाचे शौच धुतल्यानंतर साबणाने हात धुणाऱ्या मातांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेले. स्वतः शौचालय वापरल्यानंतर साबण वापरणाऱ्यांचे प्रमाण १ टक्क्यावरून १७ टक्क्यांवर गेले. वरवर पाहता हे आकडे फार मोठे वाटत नाहीत. परंतु ते स्त्रियांना विचारून मिळविलेले नसून, त्यांच्या घरी बसून, प्रत्यक्ष पाहून नोंदविलेले होते. त्यांचे खरे मोल त्यात आहे.

२००३ साली कर्टिस आणि केर्नक्रॉस यांनी ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये केलेल्या पुनरावलोकनात साबणाने हात धुतल्यास अतिसाराचा धोका ४२ ते ४७ टक्क्यांनी घटतो, असा अंदाज मांडला. २००८ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस जगभर हात धुण्याचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला, त्यामागच्या प्रयत्नांत या अंदाजाचा मोठा वाटा होता. मूळ अभ्यासांची गुणवत्ता असमान असल्याचे लेखकद्वयाने स्वतःच नमूद केले होते. नंतरच्या कॉक्रेन पुनरावलोकनात ही घट सुमारे ३० टक्क्यांच्या आसपास आढळली. तीही थोडी नव्हे.

येथे पद्धतिशास्त्राचा मुद्दा थोडा विस्ताराने मांडणे आवश्यक वाटते, कारण तो आपल्या महाविद्यालयीन संशोधनाला थेट लागू आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८ सालच्या ७६ व्या फेरीनुसार भारतातील ग्रामीण कुटुंबांपैकी ६६.८ टक्के कुटुंबांत शौचानंतर साबणाने हात धुतले जातात. हा आकडा कुटुंबांनी दिलेल्या उत्तरांवर आधारित आहे. याउलट, कर्टिस यांच्या चमूने आंध्र प्रदेशातील खेड्यांत मोहिमेपूर्वी घरांत बसून निरीक्षण केले, तेव्हा शौचानंतर, बाळाला स्वच्छ केल्यानंतर आणि अन्न हाताळण्यापूर्वी अशा मोक्याच्या प्रसंगी साबण वापरण्याचे प्रमाण १ ते २ टक्के आढळले. दोन्ही मापनांचा काळ, प्रदेश आणि एकक वेगवेगळे असल्याने त्यांची सरळ वजाबाकी करता येणार नाही. तरीही, हे अंतर केवळ पद्धतीतील फरकाने भरून निघेल असे मानणे धाडसाचे ठरेल.

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.साठी केलेले संशोधन हेच मुळी प्रश्नावलीवर आधारलेले होते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आरोग्यविषयक सवयी, पाच पर्यायांची मापनश्रेणी, मध्यमान, प्रमाण विचलन, ‘टी’ मूल्य, आणि शेवटी परिकल्पनेचा स्वीकार किंवा त्याग, असा त्याचा सर्वपरिचित साचा होता. विद्यार्थी काय करतात हे त्यातून कळले की विद्यार्थ्यांना आपण काय करतो असे लिहावेसे वाटते हे कळले, हा प्रश्न मौखिक परीक्षेत कोणी विचारला नाही. मलाही तो तेव्हा सुचला नव्हता. कर्टिस यांचे लेखन वाचल्यावर तो सुचला, आणि या लेखनाचे माझ्यावरील पहिले ऋण तेच आहे.

चित्तूरचा प्रयोग

आता मूळ सिद्धान्ताकडे वळू. कर्टिस यांच्या मते किळस ही मानवी उत्क्रांतीत विकसित झालेली रोगापासूनची संरक्षक भावना आहे. विष्ठा, पू, उलटी, सडलेले मांस, किडे यांविषयी जगभरच्या माणसांना शिसारी येते, कारण या वस्तूंपासून दूर राहणारे पूर्वज रोगांतून अधिक प्रमाणात वाचले. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धान्त एकोणिसाव्या शतकात प्रस्थापित झाला. किळस मात्र त्याआधीही आपले काम करीतच होती. बीबीसीच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ४०,००० व्यक्तींना छायाचित्रांच्या जोड्या दाखविण्यात आल्या. ज्या चित्रातून रोगसंसर्गाची सूचना मिळते ते चित्र सर्वत्र अधिक किळसवाणे वाटले, असा निष्कर्ष त्यातून निघाला. घाना देशातील हात धुण्याच्या मोहिमेत दूरचित्रवाणीवर जी जाहिरात दाखविली गेली तिच्यामागेही हाच विचार होता. शौचालयातून बाहेर आलेल्या आईच्या हातावर जांभळा डाग असतो आणि तो मुलाच्या घासापर्यंत पोहोचतो. जंतूंविषयी व्याख्यान देण्याची गरजच उरत नाही. पाहणाऱ्याच्या पोटात ढवळते आणि तेवढे पुरेसे असते.

भारतातील प्रयोग २०१४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅडम बिरान हे त्याचे प्रथम लेखक आणि कर्टिस या सहलेखक. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेचा त्यात सहभाग होता. चित्तूर जिल्ह्यातील १४ खेडी निवडून त्यांपैकी ७ खेड्यांत ‘सुपरअम्मा’ ही मोहीम राबविण्यात आली. सुपरअम्मा ही मुलाला चांगल्या सवयी लावून त्याला मोठा करणारी आदर्श ग्रामीण माता. तिच्या उलट लाडू लिंगम हे पात्र : खादाड, ओंगळ, घाणेरड्या हातांनी लाडू वळून ते लोकांना वाटणारा. चलच्चित्रफीत, प्रहसने आणि स्त्रियांनी गावासमोर घेतलेली हात धुण्याची जाहीर प्रतिज्ञा असे मोहिमेचे स्वरूप होते. सहा आठवड्यांनी साबणाने हात धुण्याचे प्रमाण मोहिमेच्या खेड्यांत १९ टक्के, तर इतर खेड्यांत ४ टक्के आढळले. सहा महिन्यांनी हेच प्रमाण अनुक्रमे ३७ आणि ६ टक्के होते. नंतर उरलेल्या खेड्यांतही संक्षिप्त मोहीम राबविण्यात आली आणि बारा महिन्यांनी दोन्ही गटांत ते २९ टक्के भरले.

या प्रयोगाचा उल्लेख अनेकदा ‘किळसेने साधलेले वर्तनपरिवर्तन’ म्हणून केला जातो. हे वाचन प्रस्तुत लेखकास घाईचे वाटते. पहिली गोष्ट अशी, की मोहिमेत किळस एकटी नव्हती. वात्सल्य होते, प्रतिष्ठा होती आणि ‘गावात सगळ्याच धुतात’ अशी नवी रूढी निर्माण करण्याचा प्रयत्नही होता. यांपैकी कोणत्या घटकाने किती काम केले हे प्रयोगाच्या आराखड्यातून वेगळे काढता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. किळस ही क्षणिक भावना आहे; प्रहसन पाहताना ती उसळते आणि काही दिवसांत ओसरते. मोहिमेचा परिणाम मुख्यतः किळसेतून आला असता, तर तो सहा आठवड्यांनी अधिक आणि सहा महिन्यांनी कमी दिसावयास हवा होता. प्रत्यक्षात तो १९ वरून ३७ टक्क्यांवर चढला. मधल्या काळात जे वाढले ते लाडू लिंगमविषयीच्या शिसारीपेक्षा शेजारणीकडे पाहून लागलेले वळण असावे, असा तर्क अधिक सयुक्तिक ठरतो. हा तर्क आहे, सिद्धता नव्हे, हेही येथेच नमूद करतो.

या तर्काला कर्टिस यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगाचा आधार मिळतो. ब्रिटनमधील महामार्गालगतच्या प्रसाधनगृहांत दाराशी विविध संदेश झळकावून सुमारे दोन लाख वापरांची नोंद यंत्राद्वारे घेण्यात आली. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकूण पुरुषांपैकी ३२ टक्के आणि स्त्रियांपैकी ६४ टक्के साबण वापरीत होते. किळस जागविणाऱ्या संदेशाचा परिणाम पुरुषांवर विशेष झाला. स्त्रियांवर मात्र, साबणाविना नुसत्या पाण्याने जंतू मरत नाहीत, अशा साध्या माहितीचाही परिणाम झाला. म्हणजे ज्या ज्ञानाला पदच्युत करण्यासाठी हा सारा खटाटोप होता, ते ज्ञान अगदीच निरुपयोगी ठरले नाही. आणि स्त्री-पुरुष दोघांवरही प्रभाव पाडणारा संदेश कोणता होता? तुमच्या शेजारची व्यक्ती साबणाने हात धूत आहे काय, असे विचारणारा. गंमत अशी, की स्वतः कर्टिस यांच्या आकडेवारीने किळसेपेक्षा लोकलाजेला अधिक गुण दिले, आणि तरीही २०१३ साली आलेले त्यांचे लोकप्रिय पुस्तक किळसेवरच आहे. सिद्धान्त आवडता झाला की आकड्यांकडे पाहण्याची नजर थोडी मऊ होते, हा अनुभव कोणत्याही संशोधकाला परका नसावा.

सुपरअम्मा या नावाविषयीही एक आक्षेप नोंदविला पाहिजे. हात धुण्याची, धुवायला लावण्याची आणि न धुतल्यास दोष घेण्याची जबाबदारी येथे पूर्णतः आईवर टाकलेली आहे. सुपरअप्पा नाही. साबणाचा फेस धुवायला नुसत्या हात ओले करण्यापेक्षा जास्त पाणी लागते आणि ते पाणी बहुधा तीच आणते. कर्टिस यांचे निरीक्षण असे, की गरीब घरांतही साबण असतो. तो कपडे, आंघोळ आणि भांडी यांसाठी राखलेला असतो, हातांसाठी काढला जात नाही. म्हणून अडचण गरिबीची नसून सवयीची आहे. साबणापुरते हे खरे मानता येईल. पाण्यापुरते ते सर्वत्र खरे नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

किळस आणि विटाळ

कर्टिस यांच्या सिद्धान्ताची खरी कसोटी मात्र याहून खोलवर आहे, आणि ती मांडण्यासाठी मराठी भाषा आपल्या मदतीला येते. इंग्रजीत ज्या एका शब्दाने भागते, त्यासाठी आपल्याकडे निदान दोन शब्द आहेत : किळस आणि विटाळ. किळस वस्तूची येते. ती नाकाला, डोळ्याला, जिभेला कळते. तिला शास्त्राधार लागत नाही. विटाळ मानावा लागतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो. तो जन्माने, स्पर्शाने, मासिक पाळीने, मृत्यूने लागतो आणि ठरावीक दिवसांनी अथवा ठरावीक विधीने जातो. किळस जायला साबण उपयोगी पडतो. विटाळ जायला पाण्याचे चार थेंब किंवा गोमूत्र पुरते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर गावातील सनातनी मंडळींनी तळे ‘बाटले’ म्हणून त्याची शुद्धी केली. शुद्धीसाठी तळ्यात ओतले ते शेण, गोमूत्र, दूध आणि दही. रोगसंसर्गाच्या दृष्टीने पाहिले, तर माणसांनी पाणी प्यायल्याने तळ्यात काहीही मिसळले नव्हते. शुद्धीने मात्र मिसळले. किळस ही रोगापासून वाचविणारी भावना आहे, या सिद्धान्ताने या घटनेचे स्पष्टीकरण देता येत नाही. येथे भावना आहे, तीव्र आहे, देहापर्यंत पोहोचणारी आहे. पण तिचे बोट विष्ठेकडे नसून माणसाकडे आहे.

मेरी डग्लस यांनी १९६६ सालच्या ‘प्युरिटी अँड डेंजर’ या ग्रंथात घाण म्हणजे जागा सोडून असलेली वस्तू, अशी प्रसिद्ध व्याख्या केली आणि घाणीची कल्पना समाजरचनेतून येते असे प्रतिपादिले. कर्टिस यांनी हे मत बाजूला सारले. त्यांच्या मते संस्कृती किळसेला थोडाफार आकार देते, पण तिचा गाभा जैविक आहे. दोघींपैकी एक बरोबर असलीच पाहिजे असे नाही. गाभा जैविक असेलही. प्रश्न असा आहे, की तो गाभा समाजाने कोणाच्या अंगावर नेऊन ठेवला. मार्था नुसबॉम यांनी २००४ साली कायद्याच्या संदर्भात किळसेची चिकित्सा करताना नेमके हेच दाखविले, की प्रबळ गट आपल्या देहाविषयीची अस्वस्थता दुर्बल गटांवर आरोपित करतात आणि मग त्या गटांनाच ओंगळ मानतात. पॉल रोझिन यांच्या १९८० च्या दशकातील प्रयोगांत निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ बुडवून काढलेला रस लोकांनी नाकारला. झुरळ निर्जंतुक आहे हे त्यांना ठाऊक होते. किळसेला एकदा बोट लागले की ते ज्ञानाने पुसत नाही, हे त्यातून दिसते. प्रसाराचे साधन म्हणून हा किळसेचा गुण खरा, पण तोच तिचा धोकाही आहे.

विटाळाचा एक परिणाम थेट आरोग्याशी भिडतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत जेवणापूर्वी साबणाने हात धुणारी कुटुंबे अवघी ३५.८ टक्के आढळली, ६०.४ टक्के कुटुंबे केवळ पाण्याने हात धुतात. जेवणापूर्वी हात धुण्याची चाल आपल्याकडे नाही असे म्हणताच येणार नाही. ती जुनी आणि दृढ आहे. पण ती शुद्धतेची चाल आहे, स्वच्छतेची नव्हे. म्हणूनच तिला पाणी पुरते. येथे माहिती अपुरी पडली असे नाही आणि किळसही अपुरी पडली असे नाही. पावित्र्याच्या एका जुन्या, सुस्थापित विधीने स्वच्छतेची जागा आधीच अडविलेली आहे. शौचालयांबाबत डायेन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी २०१७ सालच्या ‘व्हेअर इंडिया गोज’ या पुस्तकात असाच युक्तिवाद केला आहे. घराजवळ मैला साठविणारा खड्डा ‘अपवित्र’ वाटतो आणि तो रिकामा करण्याचे काम अस्पृश्यतेशी जोडलेले आहे, म्हणून ग्रामीण भागात बांधलेली शौचालयेही वापरली जात नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. किळस येथे विपुल आहे. तिने लोकांना शौचालयाकडे ढकलण्याऐवजी शौचालयापासून दूर नेले.

झाडू कोणाच्या हाती

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात आम्ही हात धुण्याविषयी पथनाट्य बसविले. कर्टिस यांचे लेखन मी नुकतेच वाचले होते आणि किळसेचा उपयोग करून पाहावा असा उत्साह होता. विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले, की एक घाणेरडा माणूस उभा करा. पाहताच लोकांना शिसारी यायला हवी. तपशील त्यांच्यावर सोडला. दुसऱ्या दिवशी पारावर नाटक झाले. घाणेरडा माणूस आला : फाटके कपडे, तोंडाला काजळी, डोक्यावर टोपली, हातात झाडू. गाव पोट धरून हसले. माझ्या मते प्रयोग यशस्वी झाला होता.

रात्रीच्या गटचर्चेत द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “सर, माझी आजी नगरपालिकेत झाडूकाम करायची. कामावरून आली की घरात पाऊल टाकायच्या आधी साबणानं हातपाय धुवायची. मग घाण माणूस तिच्यासारखा का दाखवला?”

उत्तर कोणाकडेच नव्हते. ते पात्र रंगविणारा विद्यार्थी दुष्ट नव्हता. ‘घाण’ म्हटल्याबरोबर त्याच्या मनात जे चित्र उभे राहिले ते त्याने रंगविले, आणि ते चित्र त्याने स्वतः निर्माण केलेले नव्हते. ती गावासमोर सगळ्यांच्या ओळखीचे होते, म्हणूनच गाव हसले. चित्तूरच्या मोहिमेत ओंगळ पात्र म्हणून खादाड लाडूवाला निवडला गेला, ही निवड त्या मानाने कमी हानिकारक म्हटली पाहिजे. पण सिद्धान्तात असे काहीही नाही जे पुढच्या मोहिमेला टोपली आणि झाडू उचलण्यापासून रोखेल. किळस माणसाला माणसापासून तोडू शकते, याची जाण कर्टिस यांना होती, आणि कलंकाच्या धोक्याविषयी त्यांनी लिहिलेही आहे. तथापि त्यांच्या मांडणीत तो एक दुष्परिणाम आहे, औषधाच्या वेष्टनावर छापलेल्या सूचनेसारखा. ज्या समाजात मैला वाहण्याच्या कामाला बंदी घालण्यासाठी २०१३ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला, तिथे तो दुष्परिणाम राहत नाही.

याचे परिणाम शिबिरापुरते मर्यादित नाहीत. उघड्यावर शौचाला बसणाऱ्यांना गाठून लाजविणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ आपल्या राज्याने पाहिली. शिट्ट्या वाजविणे, फुले देणे, फोटो काढणे, हे सारे वर्तनपरिवर्तनाच्या नावाने झाले. ज्यांच्याकडे शौचालय बांधायला जागाच नव्हती, त्यांच्या वाट्याला ही लाज सर्वाधिक आली असणार, हे समजायला सर्वेक्षणाची गरज नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यातील भावखेडी या गावी उघड्यावर शौचाला बसल्याच्या कारणावरून दोन दलित मुलांना मारहाण करून ठार करण्यात आल्याचे वृत्त देशभर प्रसिद्ध झाले. तेवढ्या क्रौर्याचे खापर कोणा संशोधकाच्या सिद्धान्तावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु किळस आणि लाज यांना शासनमान्यता मिळते तेव्हा ती कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही. २०२० च्या करोना काळात परिचारिका आणि डॉक्टरांना भाड्याची घरे सोडायला सांगितले गेले. आणि शारीरिक अंतर म्हणावयाचे तेथे आपण सर्रास ‘सामाजिक अंतर’ म्हणत राहिलो. भाषांतराची ही चूक फारशी कोणाला टोचली नाही, कारण तो शब्दप्रयोग कानाला ओळखीचा होता.

यावर असे म्हटले जाईल, की मग लोकांनी हात धुवावेत यासाठी करायचे काय? कर्टिस यांना वगळून या प्रश्नाचे उत्तर शोधता येणार नाही, असेच माझे मत आहे. पाहून मोजणे, उपदेश टाळणे, लोकांच्या स्वतःच्या मूल्यांपासून आरंभ करणे ही त्यांची देणगी टिकाऊ आहे. सोडायचे आहे ते किळसेचे अग्रस्थान. आपल्याकडे त्यासाठी परकीय उदाहरणांची वाण पडू नये. गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात आल्यावर आधी झाडू हाती घेत आणि रात्री कीर्तन करीत. घाणेरडा माणूस दाखवून त्यांनी स्वच्छता शिकविली नाही. ज्याच्या पाया पडायला लोक येत, त्यानेच झाडू धरला. झाडूला चिकटलेला विटाळ त्यामुळे सैल झाला. मानसशास्त्राच्या परिभाषेत याला आदर्शप्रतिमेद्वारे सामाजिक मानदंड बदलणे म्हणता येईल, पण परिभाषेने त्यात फारशी भर पडत नाही. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानातही गावांची स्पर्धा आणि गावाचा अभिमान यांवर भर होता. त्यातील देखाव्याविषयी टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. तरी गावाला गावासमोर उभे करणे आणि माणसाला गावासमोर उभे करणे यांत फरक आहे.

चित्तूरच्या आकड्यांचा माझा अर्थ बरोबर असेल, तर प्रतिज्ञा, शेजारधर्म आणि मुलांविषयीची माया एवढ्यावर, लाडू लिंगमशिवायही, मोहिमेचा मोठा भाग साध्य व्हावा. हे तपासता येण्याजोगे आहे. दोन गटांपैकी एकात किळस ठेवावी, एकातून वगळावी आणि सहा महिन्यांनी मोजावे. त्यासाठी परदेशी अनुदान लागत नाही. वसतिगृहांचे भोजनगृह आणि साबणाच्या वड्यांचे रोजचे वजन एवढ्यावर आरंभ करता येईल. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करण्यासारखे हे काम आहे.

त्या शिबिराची एक नोंद राहिली. नाटकानंतर दुपारी पंगत बसली तेव्हा आम्ही सर्वांनी, माझ्यासह, पिंपातील पाण्याचा तांब्या हातावर ओतून घेतला आणि जेवायला बसलो. साबण प्रात्यक्षिकाच्या सामानाबरोबर खोलीत कुलूपबंद होता आणि किल्ली माझ्याच खिशात होती.